वेगवान गाड्या आणि चढे कर: वाद कुठवर आला?

6 ऑक्टोबर 2025 रोजी स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएसची नोंदणी सुरू केली. साऱ्या भारतासाठी गाड्या होत्या 100. त्या पाहता पाहता संपल्या. किंमत नंतर, 17 ऑक्टोबरला जाहीर झाली: 49 लाख 99 हजार, तीही एक्स-शोरूम. त्याच वर्षी मे महिन्यात फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय 52 लाख 99 हजारांना आली होती आणि तिच्याही पहिल्या 150 गाड्या हातोहात गेल्या होत्या. दोन्ही गाड्यांत दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे, ताकद 265 पीएस.

अशी बातमी आली की कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या गाडीवेड्या पोरांच्या बोलण्यात दोन प्रश्न हमखास येतात. पुढची कुठली येणार? आणि ऑन-रोड कितीला पडणार? पहिल्याचे उत्तर आडाख्यांत शोधले जाते, दुसऱ्याचे आरटीओच्या दरपत्रकात. या लेखात दोन्हींचा एकत्र आढावा घेतला आहे, कारण आपल्याकडे कोणती वेगवान गाडी येते आणि कोणती येत नाही, हे गेली वीस वर्षे बऱ्याच अंशी कराच्या मापानेच ठरवले आहे.

कोल्हापूरचे नाते

बावड्याला हा विषय परका नाही. शहरातून इकडे येणाऱ्या रस्त्यावरच न्यू पॅलेस आहे. छत्रपती घराण्याची 1930 च्या दशकातली मेबॅक आजही दसऱ्याला दसरा चौकात येते आणि ती डोळे भरून पाहायला माणसे लांबून येतात. एमएच 09 चे पासिंग करणारे आरटीओ कार्यालय जवळच ताराबाई पार्कात आहे. हुपरी रस्त्यावर मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिकने ब्रिटिश फॉर्म्युला 3 पर्यंत मजल मारली. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत देशभरच्या इंजिनांसाठी कास्टिंग ओतले जाते. त्यामुळे इथे हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही, तो रोजगाराचाही होतो.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यापूर्वी परदेशी गाड्यांचे सुटे भाग आणून मुंबईत जुळणी होत असे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये तिथे कारखाना काढला. 1953 च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्ससारख्या मोजक्या कंपन्या उरल्या. तेव्हापासूनचे धोरण स्पष्ट होते: गाडी ही चैनीची वस्तू, परकीय चलन दुर्मीळ, आणि देशी उद्योगाला आडोसा हवा.

1983 मध्ये मारुती 800 आली, 1991 नंतर बाजार खुला होऊ लागला आणि 2001 मध्ये नव्या गाड्यांच्या आयातीवरचे संख्याबंधन उठले. बंधन गेले तरी आयातशुल्काची भिंत मात्र राहिली.

आजच्या वादाचे मूळ शोधायचे तर 2006 च्या अर्थसंकल्पाकडे जावे लागते. त्यात लहान गाडीची व्याख्या केली गेली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत. अशा गाडीवरचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले. हेतू होता भारताला लहान गाड्यांचे केंद्र बनवण्याचा, आणि तो बऱ्यापैकी साधला. पण ही व्याख्या पुढे प्रत्येक करपद्धतीत जशीच्या तशी उतरली.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला. पेट्रोल आणि डिझेल गाड्यांवर 28 टक्के आणि त्यावर भरपाई उपकर. लहान पेट्रोल गाडीला हा उपकर 1 टक्का, तर मोठ्या एसयूव्हीला पुढे 22 टक्क्यांपर्यंत. जकात बंद झाल्याने महसुलात पडलेली तूट भरून काढायला महाराष्ट्राने त्याच सुमारास वाहनकर दोन टक्क्यांनी वाढवला. 22 सप्टेंबर 2025 पासून केंद्राने ही मांडणी बदलली. उपकर गेला. लहान गाडीला 18 टक्के, बाकीच्या सगळ्यांना 40 टक्के, आणि विजेच्या गाड्यांना पूर्वीप्रमाणे 5 टक्के.

आजचा हिशेब

गाडीवर तीन ठिकाणी कर लागतो. आयातशुल्क केंद्राचे. जीएसटी केंद्र आणि राज्यांचा मिळून. वाहनकर राज्याचा, कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरचा कर राज्यसूचीत आहे. त्यामुळे गाडीवर एकूण किती भार असावा, हे कोणत्याही एका सरकारच्या हातात नाही.

उदाहरण घेऊ. पूर्ण तयार, म्हणजे सीबीयू स्वरूपात, एक पेट्रोल गाडी बंदरात 20 लाखांना उतरली. 40 हजार डॉलरच्या आतल्या गाडीवर 70 टक्के आयातशुल्क, म्हणजे 14 लाख. किंमत झाली 34 लाख. त्या 34 लाखांवर 40 टक्के जीएसटी, म्हणजे 13 लाख 60 हजार. एकूण 47 लाख 60 हजार. महाराष्ट्रात आयात गाडीला वाहनकर 20 टक्के, म्हणजे आणखी 9 लाख 52 हजार. वाहतूक, विक्रेत्याचा नफा आणि विमा बाजूला ठेवूनही 20 लाखांची गाडी 57 लाखांच्या पुढे गेली. प्रत्येक कर आधीच्या कराच्या बेरजेवर बसतो, हे यातले मर्म आहे.

40 हजार डॉलरच्या वरच्या गाड्यांवरचा मूळ दर 2025 च्या अर्थसंकल्पात 100 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर आला, पण सोबत 40 टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लागला. आधीचा अधिभार धरला तर एकूण भार होता तिथेच, 110 टक्क्यांवर राहिला.

देशात बनलेल्या आणि व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 20 लाखांपर्यंत 12 आणि त्यापुढे 13 टक्के वाहनकर आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर 20 टक्के. या कराला कमाल मर्यादाही आहे: आधी 20 लाख रुपये होती, 1 जुलै 2025 पासून 30 लाख झाली.

या मर्यादेचा परिणाम नीट पाहण्यासारखा आहे. आयात गाडी दीड कोटीची असेल तर 20 टक्क्यांनी बरोबर 30 लाख होतात. त्यापुढे किंमत कितीही वाढली तरी कर तोच. म्हणजे तीन कोटींच्या गाडीला वाहनकर पडतो 10 टक्के, आणि आठ लाखांच्या साध्या पेट्रोल गाडीला 11 टक्के. मर्यादेमागचे कारण व्यवहारी आहे. ती नसेल तर महागड्या गाड्या कमी कराच्या राज्यात पासिंग होतात आणि इथल्या तिजोरीत काहीच येत नाही. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, कागल ओलांडले की कर्नाटक लागते. तिथे 20 लाखांवरच्या गाडीला 18 टक्के कर आहे, म्हणून देशात बनलेल्या गाडीला त्या बाजूला जाण्यात लाभ नाही. पण देशात याहून स्वस्त जागा आहेत. परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर पुन्हा नोंदणी करावी लागते, असे मोटार वाहन कायदा सांगतो.

आडाखे कशावर बांधले जातात

नव्या गाड्यांचे अंदाज हवेत बांधले जात नाहीत. चाकण आणि पुणे परिसरात झाकपाक करून फिरणाऱ्या चाचणीच्या गाड्या, नावांची आणि रचनांची नोंदणी, पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेकडून होणाऱ्या मान्यतेच्या बातम्या आणि कंपन्यांनी दाखवलेले नमुने यांतून ते उभे राहतात. 15 ऑगस्ट 2025 ला महिंद्राने मुंबईत व्हिजन एस, टी, एक्स आणि एसएक्सटी हे नमुने दाखवले, तेव्हापासून त्यांच्या इंजिनांची आणि ताकदीची चर्चा थांबलेली नाही.

आयात गाड्यांबाबत एक नियम महत्त्वाचा आहे. 2018 पासून युरोप किंवा जपानच्या मानकांत बसणाऱ्या, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्या एका कंपनीला वर्षाला 2500 पर्यंत इथे नव्याने मान्यता न घेता आणता येतात. गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाड्या थोड्या संख्येने आणणे कंपन्यांना परवडते, ते अशा सवलतीमुळे. म्हणून ‘पुढची कुठली’ याचा विचार करताना परदेशी यादीत उजव्या स्टिअरिंगची आवृत्ती आहे का, हे आधी पाहावे.

देशात बनणाऱ्या गाड्यांबाबत मात्र 2006 ची व्याख्या हाच सर्वांत भरवशाचा आडाखा ठरला आहे. नावे आठवून पाहा. 2013 ची पोलो जीटी टीएसआय: 1.2 लिटर, 105 पीएस. 2018 ची टियागो जेटीपी: 1.2 लिटर, 114 पीएस. 2021 ची आय20 एन लाइन: 1 लिटर टर्बो, 120 पीएस. 2024 ची अल्ट्रोझ रेसर: 1.2 लिटर टर्बो, पुन्हा 120 पीएस. सगळ्या चार मीटरच्या आत, सगळ्या 1200 सीसीच्या आत. चाकणला बनणाऱ्या स्कोडा कायलॅकची लांबी 3995 मिलिमीटर आहे, म्हणजे हद्दीला फक्त पाच मिलिमीटर कमी.

या चौकटीबाहेर पडण्याचे धाडस 2015 मध्ये फियाटने केले. रांजणगावला बनलेल्या अबार्थ पुंटोत 1.4 लिटरचे 145 पीएस टर्बो इंजिन होते आणि किंमत 9 लाख 95 हजार. जाणकारांनी ती डोक्यावर घेतली, पण बाजारात ती थोडकीच खपली. गाडी लहान असूनही इंजिन 1200 सीसीच्या वर गेल्याने तिला मोठ्या गाडीचा कर लागला. आज तीच गाडी आणायची तर 18 ऐवजी 40 टक्के भरावे लागतील.

चार भूमिका

पहिली भूमिका शौकिनांची. त्यांचे म्हणणे असे की, कर सीसी आणि लांबी मोजतो, धूर किंवा इंधन मोजत नाही. आधुनिक दीड लिटरचे इंजिन जुन्या 1.2 लिटरपेक्षा स्वच्छ असू शकते, तरी शिक्षा त्यालाच. करावर कर बसतो, हा त्यांचा दुसरा आक्षेप. तिसरा असा की, चांगले ब्रेक, भक्कम सांगाडा आणि प्रगत सुरक्षा साधने अशा गाड्यांत आधी येतात, आणि तीच चढ्या करामुळे सामान्यांपासून दूर राहतात.

दुसरी भूमिका महसूल आणि समतेची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये देशातल्या सुमारे 8 टक्के कुटुंबांकडेच मोटारगाडी होती. त्यातल्या वेगवान, महाग गाड्या तर मूठभरांच्या. त्यांच्याकडून जास्त कर घेऊन रस्ते आणि एसटीसारखी सार्वजनिक वाहतूक उभी करावी, यात अन्याय कसला, असा हा युक्तिवाद आहे. गाडी जागा अडवते, रस्ता झिजवते, हवा बिघडवते; त्याची किंमत मालकाने द्यावी, ही त्याची दुसरी बाजू.

तिसरी भूमिका देशी उद्योगाची. भिंत होती म्हणून चाकण, रांजणगाव, पिंपरी उभे राहिले आणि त्यांच्या मागे कोल्हापूरच्या फाउंड्र्या. बाहेरून तयार गाडी स्वस्त येऊ लागली तर इथली गुंतवणूक थांबेल, अशी धास्ती उद्योगात आहे. दुसरीकडे, महागड्या परदेशी गाड्यांची संख्या इतकी थोडी आहे की त्यांनी देशी कारखान्याला धक्का लागणार नाही, असेही उद्योगातलेच काहीजण मानतात.

चौथी भूमिका रस्ता सुरक्षेची. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला विजेवर चालणाऱ्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला. त्या गाडीची कायम नोंदणी झालेली नव्हती आणि त्यासाठीचे 1758 रुपये भरायचे राहिले होते. विजेची असल्याने तिला वाहनकर माफ होता. या भूमिकेच्या लोकांचा मुद्दा असा की, कर चढा ठेवल्याने वेग आवरत नाही. त्यासाठी अंमलबजावणी, परवान्याची शिस्त आणि वेगाची हौस भागवायला ट्रॅक हवेत. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि ही स्पर्धा थांबण्यामागे करांचे वाद हे एक मोठे कारण होते. त्या बाबतीत कोल्हापूर नशीबवान आहे, इथे निदान कार्टिंगचा ट्रॅक तरी आहे.

विजेच्या गाड्यांनी बदललेले गणित

आजवर ‘ताकद जास्त, म्हणून कर जास्त’ असे समीकरण होते. विजेच्या गाड्यांनी ते मोडले. पुण्यात बनणाऱ्या टाटा हॅरियर ईव्हीच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्तीची जाहीर किंमत 28 लाख 99 हजार, आणि कंपनीच्या दाव्यानुसार ती 6.3 सेकंदांत ताशी 100 किलोमीटर गाठते. ऑक्टाव्हिया आरएसला जवळपास तेवढाच वेळ लागतो, किंमत मात्र 50 लाख. अंतराचे मोठे कारण करात आहे. एकीला 5 टक्के जीएसटी आणि महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणानुसार वाहनकर माफ, तर दुसरीला आयातशुल्क, 40 टक्के जीएसटी आणि 20 टक्के वाहनकर. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई 6 मध्ये 286 पीएसची मोटर आहे, आणि तिलाही हेच लागू.

ही सवलत किती काळ टिकावी, यावर राज्यातच एकवाक्यता नाही. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना 6 टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. पर्यावरणाच्या बाजूने पाहिले तर सवलत योग्य वाटते. समतेच्या बाजूने पाहिले तर कोट्यवधींच्या गाडीला शून्य कर आणि दुचाकीवाल्याला कर, हे खटकते. फाउंड्रीवाल्यांना तिसरीच चिंता आहे: विजेच्या गाडीत इंजिनाचा ब्लॉकही नसतो आणि सिलिंडर हेडही नसते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मापाचा. सीसी आणि लांबी हे माप 2006 च्या गरजेतून आले. टर्बो आणि विजेच्या काळात त्याने ना वेग मोजला जातो, ना प्रदूषण. फ्रान्सने कार्बन उत्सर्जनावर आणि 2022 पासून वजनावरही अधिभार लावला आहे. डेन्मार्क किंमतीच्या टप्प्यांनुसार 150 टक्क्यांपर्यंत नोंदणी कर घेतो. जपानने 660 सीसीच्या केई गाड्यांना सवलत देऊन अख्खा वर्ग उभा केला, आपल्या चार मीटरच्या नियमासारखाच. यातले कोणते माप आपल्याला मानवेल, यावर गंभीर चर्चा अजून व्हायची आहे.

दुसरा प्रश्न महसुलाचा. कर कमी केला तर विक्री वाढून तिजोरीत जास्त येईल का? सप्टेंबर 2025 च्या कपातीनंतर सणासुदीत गाड्यांची विक्रमी विक्री झाली. पण ती वाढ कराची किती, सणाची किती आणि ग्राहकांनी आधी थांबवून ठेवलेल्या खरेदीची किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. शिवाय वेगवान गाड्यांचा बाजार इतका लहान आहे की लहान गाड्यांचा निष्कर्ष त्याला लावता येत नाही.

तिसरा प्रश्न व्यापार करारांचा. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी झालेल्या करारात ठरावीक कोट्यापुरते गाड्यांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले आहे. युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा 27 जानेवारी 2026 ला झाली, तीतही वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यासाठी 110 वरून 10 टक्क्यांपर्यंत उतरण्याची तरतूद आहे. या कोट्यात कंपन्या जीटीआय आणि आरएससारख्या गाड्या आणतील, की जास्त नफ्याच्या मोठ्या एसयूव्हीच, हे ठरलेले नाही. शुल्क उतरले तरी 40 टक्के जीएसटी आणि राज्याचे 20 टक्के कायम राहतील, हेही ध्यानात घ्यावे लागेल. वरच्या उदाहरणातली 20 लाखांची गाडी 10 टक्के शुल्काने आली, तर बेरीज 37 लाखांच्या आसपास येते.

चौथा प्रश्न इंधन कार्यक्षमतेच्या नियमांचा. कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या कॅफे नियमांचा पुढचा टप्पा एप्रिल 2027 पासून योजला आहे. तो कडक असेल तर कंपन्या ताकदवान पेट्रोल गाड्या कमी करतील, मग कर कितीही उतरो.

कुठे उभे आहोत

आढाव्याअंती तीन गोष्टी ठाम म्हणता येतात. चढ्या करांनी वेगवान गाड्यांचा शौक संपवला नाही, त्याला 1200 सीसीच्या आणि आता बॅटरीच्या वाटेने वळवले. कर किती असावा यावर मतभेद राहणारच, पण तो सीसी आणि लांबीने मोजावा, या मताच्या बाजूने आज सबळ कारण उरलेले नाही. आणि राज्याच्या 30 लाखांच्या मर्यादेमुळे सर्वांत महागड्या गाडीला लहान गाडीपेक्षा कमी दराने कर लागतो. यावर तरी शौकीन आणि समतावादी यांचे एकमत व्हायला हरकत नाही.

बावड्यातल्या गाडीप्रेमींना सांगणे एवढेच: पुढच्या गाडीचा अंदाज बांधताना चाचणीच्या गाडीच्या फोटोइतकेच लक्ष जीएसटी परिषदेच्या बैठकांकडे, राज्याच्या अर्थसंकल्पाकडे आणि युरोपच्या कराराच्या कोट्याकडे असू द्या. आणि कराबद्दल तक्रार असेल तर दर उतरवा एवढेच न म्हणता, कोणत्या मापाने कर घ्यावा हेही सांगा. ती मागणी लोकप्रतिनिधींपुढे जास्त टिकेल.